शिष्यवृत्ती, घर आणि कर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गरीब घरातील मूल शिकते राहावे याचा ध्यास होता. म्हणून आज शिष्यवृत्तीविषयी, आणि तिचा आयकराशी जो संबंध येतो त्याविषयी बोलावे असे मी योजिले. मराठीच्या प्राध्यापकाने करकायद्यात डोकावावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु कायदाही शेवटी शब्दांनीच बांधलेला असतो, आणि एखाद्या शब्दाच्या अर्थावर अनेक घरांची स्वस्थता अवलंबून असते.

मुलीला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली की घरात आनंद होतो, आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या मनात शंका उभी राहते. ही रक्कम माझ्या उत्पन्नात धरली जाईल काय? माझा कर वाढेल काय? पुढच्या वर्षी दाखल्यावर उत्पन्न जास्त दिसून शिष्यवृत्तीच बंद होईल काय? अशा भीतीपोटी अर्जच न करणारी माणसे मी पाहिली आहेत. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. ‘वृत्ती’ म्हणजे निर्वाहाचे साधन. शिष्याला शिकण्यासाठी लाभलेला निर्वाह ती शिष्यवृत्ती. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या परंपरेतूनच पुढे दक्षिणा फेलोशिप आल्या, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकी एक होते. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना शिक्षणसाहाय्याच्या कृतज्ञतेपोटी अर्पण केला. सरकारी करांचा विचार करणारा ग्रंथ शिष्यवृत्ती देणाऱ्यास अर्पण व्हावा, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. हा पैसा शिष्याच्या श्रमाचा मोबदला नव्हता आणि त्याच्या घराची मिळकतही नव्हती. तो एका हेतूने दिलेला पैसा होता.

आपल्या कायद्यानेही हाच हेतू ओळखला. १९६१ चा आयकर कायदा गोव्यास १ एप्रिल १९६३ पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मधील सोळाव्या पोटकलमाने शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती एकूण उत्पन्नातून वगळली, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ही सूट राखलेली आहे. तिला रकमेची मर्यादा नाही. शिष्यवृत्ती सरकारने दिलेली असो, विद्यापीठाने दिलेली असो वा एखाद्या धर्मादाय निधीने, हेतू शिक्षणाचा असला म्हणजे झाले. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे, त्याच्या अनुषंगाने येणारा खर्चही त्यात येतो, असा अर्थ न्यायालयांनी लावलेला आहे.

आता ‘अवलंबित’ या शब्दाकडे येऊ. मूल बापाच्या ताटात जेवते म्हणून त्याचे उत्पन्न बापाचे होत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र करदाता आहे, मग त्याचा सारा खर्च घर करीत असो. अज्ञान मुलाचे उत्पन्न मात्र १९९२ च्या वित्त कायद्यापासून आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. मुलाने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले तेवढे त्यातून सुटते. पण जी शिष्यवृत्ती मुळातच करमुक्त, ती मिळवायची तरी कशात? अकरावीतल्या मुलाची शिष्यवृत्ती वडिलांच्या करपत्रकात जात नाही, ती या कारणाने.

यात एक खाच आहे. शिष्यवृत्ती बँकेत मुदतीने ठेवली, तर तिच्यावरचे व्याज हे शिष्यवृत्ती नव्हे. ते साधे उत्पन्न आहे. मूल सज्ञान असेल तर ते त्याचे, अज्ञान असेल तर पालकाच्या उत्पन्नात जाणारे. आणि येथे गोव्याचे वेगळेपण आड येते. आपल्याकडील पोर्तुगीज नागरी कायद्याच्या संपत्तिसमाईकतेमुळे पगाराखेरीजचे उत्पन्न पतीपत्नींत निम्मे निम्मे विभागले जाते. तेव्हा आईवडिलांपैकी कोणाचे उत्पन्न अधिक, हे ठरविण्यापूर्वी ही वाटणी करावी लागते.

दुसरी खाच मोबदल्याची. शिकविण्याचे वा कार्यालयीन काम करून घेऊन त्याबद्दल पैसे दिले, तर त्यास शिष्यवृत्ती हे नाव देऊन भागत नाही, तो पगारच होय. उलटही घडते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या संशोधनवृत्तीतून एका संस्थेने पगार समजून कर कापला. तिने विवरणपत्र भरले, मंजुरीपत्र जोडून खुलासा केला, तेव्हा रक्कम परत मिळाली. ते पत्र तिने जपून ठेवले नसते तर ती काय दाखविणार होती?

आपली मुले आता परदेशीही शिकतात, म्हणून तेथील निराळी रीत सांगतो. अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणेनंतर पदवीसाठी शिकणाऱ्यास शुल्क, आवश्यक पुस्तके व साहित्य यांपुरतीच सूट उरली. राहण्याजेवणासाठी मिळालेला भाग करपात्र ठरतो. तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबातील अवलंबित विद्यार्थ्याचा हा करपात्र भाग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर त्यावर आईवडिलांच्या दराने कर लागू शकतो. येथून शिकावयास गेलेल्यास मात्र भारत व अमेरिका यांच्यातील १९८९ च्या कराराने तेथील रहिवाशांप्रमाणे प्रमाणित वजावट मिळते. मुलाला निरोप देताना ही गोष्ट कानावर घालावी.

राहिली दाखल्याची भीती. मामलेदार कचेरीचा उत्पन्नाचा दाखला आणि आयकराचा हिशेब हे दोन निराळे हिशेब आहेत. उदाहरणार्थ, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ च्या नियमांनी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये ठेवली. येथे पाहिले जाते ते पालकांचे उत्पन्न. खरी अडचण वेगळीच आहे. २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील ट्रकमालकाच्या, बार्जवरील माणसाच्या हाती पैसा राहिला नाही. पण कागदावर गेल्या वर्षाचे आकडे बोलत होते. गरज आजची आणि आकडा कालचा, अशा वेळी गावातल्या निधीनेच धावून जावे लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझे एकच मागणे आहे. आपण या शाळेच्या मुलांसाठी जे द्याल ते शिक्षणखर्चासाठी आहे असे पत्रात स्पष्ट लिहा, आणि ते पत्र मुलाच्या हाती द्या. पालकांना सांगा की हा पैसा तुमच्या मुलाचा आहे, घराच्या उत्पन्नाचा नव्हे. तो लपवू नका, आणि त्याच्या भीतीने नाकारूही नका. देणाऱ्याने हेतू लिहून ठेवला आणि घेणाऱ्याने तो जपला, तर शिष्यवृत्ती या शब्दाचा अर्थ शाबूत राहील.