काचेवरचा निवाडा



आंब्याच्या दिवसांत कर्करोगाचे नाव कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. म्हणून मी रोगापासून आरंभ न करता आपल्या नेसण्यापासून करतो.

लुगडे, धोतर किंवा परकराची नाडी आपण जन्मभर कमरेवर एकाच जागी आवळतो. तेथे काळसर वळ उमटतो, कातडी जाड होते, कधी पांढरी पडते. बहुतेकांची गोष्ट तेथेच संपते आणि त्यात भिण्यासारखे काही नसते. परंतु क्वचित त्या जागी व्रण होतो, तो वर्षानुवर्षे भरत नाही, आणि शेवटी त्याच्या कडा उचलून येतात. हा कर्करोग असू शकतो.

हे प्रथम ओळखले ते आपल्या मुंबईत. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते, आणि त्यांपैकी एक होता धोतराचा. काश्मीरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीला होणारा कर्करोग त्याआधीच ठाऊक होता. तेथे ऊब, येथे गाठ! माणसाची सवय आणि त्याची पेशी यांचे नाते सूक्ष्मदर्शकाखाली असे उघडे पडले.

आता हा निवाडा होतो कसा? व्रणाच्या काठाचा छोटा तुकडा काढून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात आणि त्याचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप करतात. असे अडीचशे काप एकावर एक रचले तर कोठे एक मिलिमीटर भरेल! मग ते रंगवतात. केंद्रके निळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. निरोगी कातडीच्या पेशी आधारपटलाच्या वर शिस्तीने राहतात. कर्करोगाच्या पेशी ते कुंपण मोडून खाली उतरतात. त्यांची केंद्रके वेडीवाकडी असतात, आणि मध्ये केरॅटिनचे मोत्यांसारखे गोल पुंजके दिसतात.

येथेच फसगतही होते. जुन्या व्रणाच्या काठची निरुपद्रवी कातडीसुद्धा वाढून खाली डोकावते आणि हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेते. तुकडा वरवरचा असेल तर कुंपण मोडले की नाही, हे निष्णात विकृतिशास्त्रज्ञालाही सांगता येत नाही. न्यायाधीश कितीही शहाणा असला, तरी साक्षीदार अर्ध्यावर उठून गेल्यास तो काय करणार? म्हणून तुकडा पुरेसा खोल हवा, आणि सोबतच्या चिठ्ठीत जागा, मुदत व सवय लिहिलेली हवी. ‘कमरेवर, नाडीच्या जागी, चार वर्षे’ एवढे शब्दही फार मोलाचे असतात. आज प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशेष रंग देऊन मेलॅनोमा किंवा मर्केल पेशींचा कर्करोग यांसारखे दुर्मिळ प्रकारही निवडता येतात. पण तुकडाच आला नाही, तर ही सारी विद्या व्यर्थ आहे.

समजा, मुरबाडकडची एखादी आजी डोंबिवलीत मुलाकडे राहते. व्रण लुगड्याखाली असतो. मुलाला सांगायची लाज, सुनेला सांगायचा संकोच. ती हळद लावते, मलम लावते, आणि वर पुन्हा गाठ मारते. डोंबिवली, ठाणे आणि परळ एकाच रेल्वेमार्गावर आहेत, तेव्हा ते अंतर मोठे नाही. मोठे अंतर आहे ते तिच्या कमरेपासून ओठांपर्यंतचे. लवकर कळले तर हा रोग कापून काढून बरा होण्याची आशा पुष्कळ असते. उशीर झाला तर तो जांघेतल्या गाठींत उतरतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर आईला, आजीला, आजोबांना आपुलकीने एवढे विचारा. नाडी रुंद आणि सैल बांधायला सांगा. महिनाभरात न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा. आणि कातडीवरची कोणतीही गाठ काढली, तर ती टाकून न देता तपासायला पाठवली का, हे विचारायला संकोच करू नका.