वाफेच्या गाडींतून माथेरान



जुनीं यंत्रें जपावीं कीं मोडींत काढावीं, हा वाद आतां नवा राहिला नाहीं. जपावीं असें म्हणणारे आपण बहुतेक जण तीं रंगवून, चौथऱ्यावर उभीं करून, भोंवतीं कुंपण घालून मोकळे होतों. परंतु यंत्र उभें राहिलें म्हणजे तें जपलें गेलें काय, हा प्रश्न मला माथेरानच्या गाडीनें घातला. आजचे माझे चार शब्द त्या गाडीविषयीं आहेत.

नेरळहून माथेरानास जाणारा हा लोहमार्ग अब्दुल हुसेन पीरभॉय ह्यांनीं बांधविला व तो १९०७ सालीं सुरू झाला. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय ह्यांनीं त्यापायीं सुमारें १६ लाख रुपये खर्चिले. दोन रुळांतील अंतर अवघें २ फूट, लांबी सुमारें २१ किलोमीटर, आणि चढ वीस फुटांस एक फूट इतका उभा. अशा मार्गासाठीं जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोप्पेल ह्यांच्या कारखान्यांतून चार एंजिनें आणविलीं. त्यांस चाकें सहाच. परंतु पुढची व मागची जोडी वळणाप्रमाणें किंचित् सरकूं शकेल, अशी त्यांच्या आंसांची रचना होती.

१९७५ सालच्या मे महिन्यांत आम्ही पांच मित्र मॅट्रिकच्या परीक्षेंतून सुटून ह्या गाडींत बसलों. आजच्या कर्वेनगरास त्या वेळीं जुनीं माणसें हिंगणेंच म्हणत. तेथून पहांटे निघून, कर्जतला गाडी बदलून, आम्हीं नेरळ गांठलें. जुम्मापट्टी सोडल्यावर गाडीची गति इतकी मंदावली कीं, आमच्यांतील एक धीट गडी खालीं उतरला. त्यानें रुळाशेजारच्या जाळींतलीं करवंदें ओंजळभर खुडलीं, आणि पुढच्या वळणावर तो पुन्हां डब्यांत येऊन बसला. आम्हांस हंसूं आवरेना. पुढें वॉटर पाइप स्टेशनांत एंजिन पाणी घेण्यासाठीं थांबलें. तेव्हां आम्ही जवळ जाऊन पाहूं लागलों आणि आमचें हंसूं मावळलें. वैशाखाच्या उन्हांत, पेटत्या भट्टीच्या तोंडाशीं, फायरमन फावडें घेऊन उभा होता.

वाफेची शक्ति आम्हीं पुस्तकांतून पाठ केली होती; येथें ती माणसाच्या हातांतून चाललेली दिसली. कोळसा भट्टींत नुसता लोटून भागत नाहीं. तो पातळ आणि सारखा पसरावा लागतो. ढीग झाला तर त्यास हवा मिळत नाहीं, काळा धूर निघतो आणि उष्णता वाया जाते. एंजिन जोर करूं लागलें कीं वापरलेली वाफ धुराड्यांतून वेगानें सुटते, ती धुरास आपल्याबरोबर ओढून नेते आणि भट्टींत नवी हवा खेंचली जाते. म्हणजे कष्ट वाढले कीं आगही आपोआप भडकते! चढावर बॉयलरांतील पाणी एका अंगास कलतें. भट्टीचा माथा पाण्याबाहेर उघडा पडला, तर स्फोटाचें भय. म्हणून कांचेच्या नळींतील पाण्याच्या रेषेवरून नजर ढळूं द्यावयाची नाहीं. हें सारें कोठें शिकलां, असें आम्हीं विचारलें. बारा वर्षें उस्तादाच्या शेजारीं उभें राहून, एवढेंच त्यानें सांगितलें.

१९८२ सालीं माथेरानच्या मार्गावरील वाफेच्या एंजिनांची सेवा संपली व डिझेलनें त्यांची जागा घेतली. त्यांत कोणाचा दोष नव्हता. डिझेलचें एंजिन चटकन् सुरू होतें, रानांत ठिणग्या उडवीत नाहीं. देशांतील रुंद रुळांच्या मार्गांवरची वाफही १९९५ सालीं संपली. पुढें २००५ सालच्या जुलैंतील अतिवृष्टीनें माथेरानचा मार्ग जागोजाग वाहून गेला. २००७ मध्यें तो पुन्हां सुरू झाला. २०१९ च्या पावसांत तो पुन्हां खचला; २०२२ मध्यें पुन्हां उभा राहिला. रूळ वाहून गेले तर ते पुन्हां घालतां येतात. फायरमनच्या हातांतील कसब त्याच्याबरोबर गेलें, तर तें कोठून आणावयाचें?

निलगिरीकडे पाहा. मेट्टुपालयम् ते कुन्नूर हा दांतेरी रुळाचा चढ गाडी आजही वाफेवर चढते. २००५ सालीं युनेस्कोनें त्या मार्गास जागतिक वारशांत स्थान दिलें. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट निराळीच. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यांत २०११ पासून त्या मार्गासाठीं वाफेचीं नवीं एंजिनें बांधलीं गेलीं, आणि तींही कोळशाऐवजीं तेल जाळणारीं! जुनीं एंजिनें चालतीं होतीं, म्हणून तीं जुळविणारे आणि हांकणारे हात शिल्लक राहिले.

मी मास्तर, एंजिनाची आकृति मीं फळ्यावर पुष्कळ वेळां काढली आणि मुलांनीं ती बिनचूक उतरवून घेतली. आग राखण्याची विद्या मात्र फळ्यावर उतरत नाहीं. म्हणून माझें मागणें थोडकें आहे. वर्षांतून मोजके दिवस कां होईना, नेरळच्या चढावर वाफेचें एक खरें एंजिन चालावें, आणि जाणत्या माणसाशेजारीं दोन तरुण त्याच्या भट्टीपाशीं उभे असावेत. तोंवर आपल्यालाही कांहीं करतां येईल. वाफेच्या एंजिनावर राबलेलीं माणसें आतां सत्तरीच्या आगेंमागें आहेत. आपल्या आळींत असा कोणी ड्रायव्हर वा फायरमन असेल, तर मुलांना घेऊन त्याच्याकडे जा, त्यास बोलतें करा, आणि तो सांगेल तें लिहून ठेवा.