पक्की आवृत्ती केव्हा?

संगणकाच्या आज्ञावलींचे संग्रह सर्वांना मोफत व खुले करून देणारी मंडळी एखाद्या आवृत्तीला ‘१.०’ हा आकडा देतात, तेव्हा ती एक वचनच देत असतात : यापुढे तुमची बसलेली घडी आम्ही सहसा मोडणार नाही. शास्त्रीय गणिताचा ‘सायपाय’ हा संग्रह २००१ साली निघाला, त्याची १.० आवृत्ती मात्र २०१७ साली! मधल्या काळात, २०१५ साली टिपलेल्या गुरुत्वीय लहरींच्या गणितातही तो कामी आला. आम्हांला वाटते, निर्दोषपणाची वाट पाहत बसू नये. तो कधीच येत नाही. लोक विसंबू लागले, त्याच दिवशी वचन दिले गेले. आकडा ही त्याची कबुली. ती लांबली, तर भरवसा किती ठेवावा हे विसंबणाऱ्याला कसे कळावे?