न ओढणारीच्या छातीतला धूर
(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात झालेले भाषण)



आजचा विषय कळल्यावर काही वहिनींनी मला विचारले, "डॉक्टर, आम्ही कुठे सिगारेट ओढतो?" प्रश्न रास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणारे पुरुष शेकडा १९ निघाले, स्त्रिया अवघ्या २. तरीही फुप्फुसाचा कर्करोग हा पुरुषांचाच रोग, असे आता म्हणता येत नाही. २०२२ साली जगात सुमारे ९ लाख स्त्रियांना तो झाला. पाश्चात्त्य देशांत याचे कारण उघड आहे. तिथे बायका स्वतः ओढू लागल्या. आपल्याकडच्या रुग्ण स्त्रियांपैकी बहुतेकींनी मात्र कधी विडीला हात लावलेला नसतो.

मग धूर येतो कुठून? पहिले उत्तर घरातच बसलेले असते. जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांवर विवाहित स्त्रियांची १४ वर्षे नोंद ठेवली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितके बायकोचे या रोगाने मरण्याचे प्रमाण जास्त. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले. सिगारेट कंपन्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण निष्कर्ष टिकला. २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे. घराला कायदा नाही. तिथे वहिनींनाच पोलीस व्हावे लागेल!

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातून आपली माणसे गलाईसाठी तमिळनाडूच्या गावोगावी आली. अनेक ठिकाणी खाली दुकान, मागे भट्टी आणि वर बिऱ्हाड. पुरुष कामापुरता भट्टीजवळ असतो, बाई-मुले त्या हवेत दिवसरात्र. तेजाबाचा पिवळट-तांबडा धूर खोकला आणतो, म्हणून निदान लक्षात तरी येतो. कॅडमियमचे तसे नाही. जुन्या केडीएम दागिन्यांच्या जोडात ते असते. सोने वितळायला १०६४ अंश लागतात. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. म्हणजे मुशीत सोने पातळ होण्याआधीच त्याची वाफ हवेत गेलेली असते. १९९३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले, आणि तो प्रामुख्याने फुप्फुसाचाच. तंबाखूचे रोपही जमिनीतून हेच कॅडमियम शोषते. म्हणून भट्टीपुढे बसून सिगारेट ओढणारा दोन्हीकडून तेच विष घेतो. नाकाला रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. भट्टीवर धुराडे हवे, त्याला ओढणारा पंखा हवा आणि त्याचे तोंड छताच्या वर, बिऱ्हाडाच्या खिडकीपासून लांब हवे. खर्च येतो, पण लगडीच्या भावापुढे तो काहीच नाही.

गावाकडे सासूबाई अजून चुलीपुढे बसत असतील तर तो धूरही याच यादीत आहे. मिश्रीबद्दल विचारलेत, ती फुप्फुसात जात नाही, तोंड मात्र नासवते. तो वेगळा विषय, पण डबी आजच टाका.

आता लक्षणे. तीन आठवड्यांवर खोकला, बेडक्यात रक्त, उगाच वजन घटणे, आवाज बसणे. बाई खोकली की आपण आल्याचा काढा देतो, नंतर क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. क्षय आपल्याकडे पुष्कळ आहे, त्यामुळे संशय चुकीचा नाही. पण बेडक्यात जंतू सापडले नाहीत आणि औषधाने दोन महिन्यांत उतार नाही, तर सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी मागा. यात सहा-सहा महिने गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नवऱ्याला सवड नाही, एवढ्यावरच तारीख पुढे जाते.

निदान झाल्यावर जनुकाची तपासणी जरूर विचारा. न ओढणाऱ्या आशियाई स्त्रियांत ईजीएफआर या जनुकातला बदल पुष्कळदा सापडतो. २००४ साली त्याचा उलगडा झाला. तो असेल तर रोजच्या गोळीने रोग बराच काळ आटोक्यात राहू शकतो. चेन्नईला अड्यारची कर्करोग संस्था आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ साली ती सुरू केली. मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या बंधूंसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. ज्यांच्या घरी छातीचे जुने एक्स-रे आहेत त्यांनी ते फेकू नयेत, नव्याशी ताडून पाहायला उपयोगी पडतात. आरतीनंतर मी इथेच बसणार आहे, घेऊन या.