वारा गावाचा, व्यवहार कोणाचा?



बालाघाटच्या डोंगररांगेवरून वाहणारा वारा धाराशिव जिल्ह्याला नवा नाही. याच वाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या खळ्यातील धान्य उफणले गेले. गेल्या काही वर्षांत मात्र भूम, वाशी, कळंब, तुळजापूर या तालुक्यांच्या माळांवर पवनचक्क्यांचे उत्तुंग मनोरे उभे राहिले आणि वाऱ्याला बाजारमूल्य प्राप्त झाले. केंद्र शासनाने 2018 मध्ये ज्या जिल्ह्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला, तेथे उद्योग येणे स्वागतार्हच आहे. मग तेथील शेतकरी आंदोलनास का बसतो?

त्याला विकासविरोधी म्हणणे सोपे आहे. पण ते सत्याला धरून होणार नाही. त्याच्या तक्रारी ऐका. ठरलेला मोबदला पुरता मिळाला नाही. बांधाच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. संमतीवाचून उभ्या पिकातून रस्ता नेला. जाब विचारला, तर दमदाटी झाली. यांतील एकही तक्रार विजेविरुद्ध नाही. सर्व तक्रारी व्यवहाराच्या रीतीविरुद्ध आहेत.

या व्यवहारात गावाला एकत्र बसवून बोलणी क्वचितच होतात. मध्यस्थ एकेका शेतकऱ्याला गाठतो आणि न उमगणाऱ्या भाषेतील करारनाम्यावर सही घेतो. 3 मेगावॅटची एक पवनचक्की 30 टक्के क्षमतेने चालली, तरी वर्षाला सुमारे 79 लाख युनिट वीज निर्माण होते. ज्याच्या भूमीवर ही संपत्ती उपजते, त्याला हा हिशेब कोणी सांगितलेला असतो का?

जेथे व्यवहार अंधारात होतात, तेथे गुंडगिरीला पाय फुटतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या 2 कोटींच्या खंडणीच्या आड ते आल्याने हा प्रकार घडला, असे तपास यंत्रणेचे दोषारोपपत्र सांगते. या घटनेने संपूर्ण मराठवाडा हादरला.

नियम नाहीत, असे मुळीच नाही. केंद्र शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पवनचक्की लोकवस्तीपासून किमान 500 मीटर दूर असावी. पारेषण वाहिनीच्या मनोऱ्याखालील जमिनीसाठी 2015 मध्ये जमीनमूल्याच्या 85 टक्के भरपाई सुचवली होती. जून 2024 मध्ये ती 200 टक्के झाली. तारांखालील पट्ट्याची भरपाई 15 वरून 30 टक्क्यांवर गेली. हे आकडे आपल्या किती गावांत पोहोचले?

डेन्मार्कमधील साम्सो बेटाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. 1997 मध्ये हे बेट नवीकरणीय ऊर्जेच्या प्रयोगासाठी निवडले गेले. जेमतेम चार हजार वस्तीच्या या बेटावर 11 आणि लगतच्या समुद्रात 10 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आरंभी तेथेही शंका होत्या. परंतु गावोगाव बैठका झाल्या, शेतकऱ्यांनी स्वतः पवनचक्क्या घेतल्या, सामान्य कुटुंबांनी भाग विकत घेतले. आपल्या मालकीच्या पात्याचा आवाज कानाला तितकासा खुपत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

आपल्या शेतकऱ्याकडे तेवढे भांडवल नाही, हे खरे. पण ग्रामसभा आहे. करारनामा मराठीत असावा आणि सहीपूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. एका शिवारात सर्वांना एकच दर मिळावा. एकरकमी रकमेसोबत वार्षिक उत्पन्नाचा वाटा मागावा. रस्त्याची व पिकाची नुकसानभरपाई काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरावी.

यासाठी कायदा जाणणाऱ्या, लिहितावाचता येणाऱ्या कार्यकर्त्याने शेतकऱ्याशेजारी बसले पाहिजे. शहरात स्थिरावलेल्या कुटुंबांनीही गावाकडच्या भावाचा करारनामा एकदा मागवून वाचावा. देशाला स्वच्छ वीज हवी आहे. ती देणाऱ्या गावाला न्याय्य व्यवहार मिळवून देणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.