वेबसाइट कशावर बांधायची?

वसईत पापडीला मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. गिऱ्हाईक येतं तेव्हा बहुतेकदा त्याच्या मनात प्लॅटफॉर्म आधीच ठरलेला असतो. कुणाला भाच्याने विक्स सुचवलेलं असतं, कुणाला जाहिरात पाहून शॉपिफायच हवं असतं. अशा वेळी आपण पीएचपी, सर्व्हर, डेटाबेस सुरू केलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि घरी जाऊन भाच्याचंच ऐकतो. पटवायचं तर त्याच्याच धंद्यातली गोष्ट हातात घ्यावी लागते.

सुकेळी करणाऱ्या एका मावशी आल्या होत्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची, हा वसई-आगाशीकडचा जुना माल. आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक त्यांना ठरलेलं होतं. पोहोचायचं होतं ते मुंबईत आणि परदेशात गेलेल्या वसईकरांपर्यंत. माल उन्हावर अवलंबून, त्यामुळे भाव आणि शिल्लक सारखी बदलणार. मी वर्डप्रेसवरचं नमुन्याचं दुकान उघडलं, फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मावशी, पाव किलोचा भाव बदला. मग माल संपलाय असं लावा." वर्डप्रेसला मराठी लावता येतं, बरीचशी बटणं मराठीत दिसतात. मावशींनी चष्मा लावून भाव बदलला आणि तोच भाव माझ्या फोनवर दिसला. "म्हणजे दर वेळी तुला फोन करायला नको?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा निम्मं काम झालं होतं.

उरलेलं निम्मं ताब्याचं. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी छोट्या दुकानदारांना एका पानाची वेबसाइट फुकट मिळायची. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला काही महिने प्रोफाइलकडे वळवलं. १० जूननंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पाटीवर, कार्डावर रंगवून घेतला होता, त्यांनी काय करायचं? विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. शॉपिफायमधून मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी बाहेर काढता येते, पण दुकानाची मांडणी दुसरीकडे चालत नाही. वर्डप्रेस २००३ पासून मुक्त परवान्यावर आहे. होस्टिंगवाला पटेनासा झाला तर फाइली आणि डेटाबेस घेऊन आपण दुसऱ्याकडे बिऱ्हाड हलवू शकतो.

पण वर्डप्रेसची दुखणीही मी त्याच बैठकीत सांगतो. प्लगइन वेळच्या वेळी अपडेट केले नाहीत तर साइटमध्ये घुसखोरी होते. बॅकअप घ्यावा लागतो, आणि या देखभालीला दरवर्षी पैसे पडतात. तो खर्च झेपणार नसेल, माल मोजकाच असेल, तर शॉपिफाय घ्या, असं मी स्वतःहून सांगतो. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल. बंद पडलेली, कुणी न पाहणारी साइट गळ्यात बांधून द्यायला माझं मन घेत नाही.

संस्थांचं वेगळं असतं. त्यांच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "तयार काही नको, सगळं पहिल्यापासून लिहून द्या." त्यात प्रतिष्ठा वाटते. मी एवढंच विचारतो, की उद्या मी हे काम सोडलं तर ते उघडून दुरुस्त कोण करणार? वर्डप्रेस जाणणारा माणूस वसईत सापडतो, विरारमध्येही सापडतो. माझ्या एकट्याच्या डोक्यातलं गणित दुसऱ्याला उलगडायला महिने जातील.

प्लॅटफॉर्म कोणताही ठरो, डोमेन मी माझ्या नावावर कधीच घेत नाही. नूतनीकरणाचा निरोप मालकाच्याच फोनवर आणि ईमेलवर गेला पाहिजे. मावशींनी डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, ईमेल सुनेचा दिला. पासवर्ड सुनेने टाकला, वहीत लिहून ठेवला आणि मगच आम्ही सुकेळ्यांचे फोटो काढायला बसलो.