खर्जाचा धनी शालियापिन

मंडळी, आज आपण रशियातल्या एका थोर गवयाची गोष्ट ऐकू. त्याचं नाव फ्योदर शालियापिन.

तो १८७३ साली कझान शहरात जन्मला. बाप कारकून, पण दारूपायी घरात ओढगस्त. पोराची शाळा थोडकीच झाली. लहानपणी तो जोडे शिवायला शिकला.

त्याच्या गळ्यात मात्र भारी खर्ज होता. पण नुसत्या गळ्यानं काय होतं? तिफ्लिस शहरात त्याला उसातोव हे गुरू भेटले. त्यांनी एक पैसाही न घेता त्याला शिकवलं.

तिकडं ऑपेरा नावाचं नाटक असतं. त्यात बोलणंही गाऊनच होतं. १८९८ साली शालियापिनला बोरिस राजाचं काम मिळालं. तो क्ल्यूचेव्स्की या इतिहासपंडितांकडं गेला. राजा कसा होता, ते विचारून घेतलं. मग रंगभूमीवर उभा राहिला. त्या कामानं त्याचं नाव झालं. १९०१ साली तो इटलीत मिलानलाही गायला.

१९२२ साली त्यानं देश सोडला. १९३८ साली पॅरिसला तो वारला. त्याच्या अस्थी मायदेशी आल्या, त्या १९८४ साली.

मंडळी, गळा जन्मानं मिळतो. विद्या विचारून मिळते. तो विचारायला लाजला नाही. मग आपण का लाजावं?